खरबरीत लोखंडाचे काम : फवारणी पंपाच्या नटापासून मिलच्या रोलरपर्यंत



बेणे, खत, पाणी, तोड हे विषय आम्ही या पानावर नेहमी घेतो. या वेळचा विषय जरा वेगळा आहे. धातूच्या पृष्ठभागावर पकडीसाठी मुद्दाम पाडलेल्या रेघा, खाचा, उंचवटे आणि त्यांचे उपयोग, असा तो विषय. "हे इंजिनिअरिंग खात्याचे काम, शेतकी खात्याने यात कशाला पडायचे?" असे कोणी विचारील. पण फवारणी पंपाचा पितळी नट, ट्रॅक्टरचे ब्रेक पेडल, ट्रॉलीवर चढायची पायरी, कडबाकुट्टीचे दातेरी रोलर आणि आपल्या कारखान्यातील मिल, या सर्व ठिकाणी एकच तत्त्व काम करते. ते बिघडले की कोणाचा हात अडकतो, कोणाचा पाय घसरतो आणि सगळ्यांचा मिळून उतारा घसरतो. म्हणून हा धडा.

प्रथम तत्त्व समजून घेऊ. कोरड्या हाताने गुळगुळीत सळई धरली तर ती बऱ्यापैकी धरता येते. तीच सळई तेलकट किंवा चिखलाने माखलेली असेल तर निसटते. कारण हात आणि लोखंड यांच्यामध्ये तेलाचा, पाण्याचा, चिखलाचा पातळ थर बसतो आणि हाताची गाठ लोखंडाशी न पडता त्या थराशी पडते. पृष्ठभागावर उंचवटे काढले की दोन गोष्टी होतात. उंचवट्याची टोके थराच्या वर येऊन कातडीत, रबरात किंवा उसाच्या सालीत रुततात. आणि मधल्या खोलगट जागेतून तेल-पाण्याला बाजूला सरकायला वाट मिळते. पहिली गोष्ट सर्वांच्या लक्षात येते, दुसरी येत नाही. टोके शाबूत आहेत पण खाचा मळाने भरल्या आहेत, अशी नक्षी गुळगुळीत लोखंडाइतकीच निरुपयोगी. हे एवढे ध्यानात ठेवले तर पुढचे सगळे सोपे आहे.

जुन्या कंदिलाची वात वर-खाली करायची चकती आठवा. तिच्या कडेला बारीक दाते असत. घड्याळाला चावी द्यायचे टोपण, गवंड्याच्या ओळंब्याची पितळी टोपी, तालमीतल्या वजनाच्या दांडीवरची चौकडी, सगळी याच जातीची. वर्कशॉपमध्ये या कामाला नर्लिंग म्हणतात.

नर्लिंग कसे करतात ते आम्ही नीट पाहिले ते उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात. ऊस लागवडीच्या एका अवजाराचे सुटे भाग करून घेण्यासाठी तिकडे जावे लागले होते. कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलने निघाले की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी ही स्टेशने ओळीने लागतात. आपल्याकडे रानात उभे राहिले की चहूकडे ऊस दिसतो, तिथे पत्र्याच्या शेड दिसतात. उल्हासनगर मूळचे दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीचे ठिकाण. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासितांना आणून वसवले आणि १९४९ साली गावाला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही पत्ता सांगताना तिथले लोक 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर पाच' असेच सांगतात. हातात काही नसताना आलेल्या या माणसांनी लहानसहान कारखानदारी उभी केली. 'यू.एस.ए.' छापाच्या मालाची थट्टा सर्वांनी ऐकली आहे. आम्ही मात्र तिथे चोख काम करणारे लेथवाले पाहिले, आणि आपल्या तालुक्याच्या गावी ढिले काम करणारेही पाहिले आहेत. अंबरनाथला १९५० च्या दशकात संरक्षण खात्याचे कारखाने उभे राहिले. त्यातल्या एकाचे नावच मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, म्हणजे यंत्रे घडवणारी यंत्रे तयार करण्याचे ठिकाण. पुढे औद्योगिक वसाहती आल्या. बदलापूरच्या वसाहतीत रसायनाचे कारखाने आहेत तसे इंजिनिअरिंगचेही आहेत.

जाता जाता एक सांगतो. अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवमंदिर शिलालेखाप्रमाणे शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चे. तिथे गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतराव्या लागतात. पावसाळ्यात ओल्या पायांनी उतरणारा प्रत्येक माणूस भिंतीला हात लावून उतरतो. दगड असो, लोखंड असो, गुळगुळीत आणि ओले एकत्र आले की माणूस आधार शोधतोच.

आता लेथवरचे काम. पितळेचा किंवा लोखंडाचा गोल तुकडा लेथच्या चकमध्ये धरून फिरवतात. हत्यारधारकात एक खास टूल लावतात. त्याच्या तोंडाशी कठीण पोलादाच्या दोन छोट्या चकत्या असतात, एकीवर डावीकडे कललेल्या आणि दुसरीवर उजवीकडे कललेल्या रेघा. लेथ सावकाश चालवून, तेल सोडत, या चकत्या फिरत्या तुकड्यावर जोराने दाबतात. दोन्ही रेघा एकमेकींना छेदतात आणि शंकरपाळ्यासारखी नक्षी उमटते. एकाच सरळ रेघांची चकती लावली तर नुसत्या उभ्या रेघा येतात. गंमत अशी की या पद्धतीत धातू कापला जात नाही. कीस पडत नाही. धातू दाबला जातो आणि बाजूला सरकून वर उठतो. त्यामुळे नर्लिंग केल्यावर तुकड्याची जाडी कमी न होता किंचित वाढते. (नक्षी कापून काढण्याचीही पद्धत आहे, पण बहुतेक काम दाबूनच होते.) हा जाडी वाढण्याचा गुण पुढे आपल्या कामाला येणार आहे, आणि आपल्याला फसवणारही आहे.

चांगले नर्लिंग ओळखायचे कसे? तुकडा एक फेरा पूर्ण फिरला की चकतीचे दाते पहिल्याच खाचेत परत बसले पाहिजेत. तसे न बसता दोन खाचांच्या मध्ये पडले तर रेघांवर रेघा चढतात, शंकरपाळे पूर्ण होत नाहीत आणि नक्षी पुसट, भुसभुशीत दिसते. असा नट विकत घेऊ नये. नखाने आडवी ओढ घेऊन पाहावी. प्रत्येक खाचेला नख अडखळले पाहिजे, पण कातडी ओरबाडली जाता कामा नये. वर चकचकीत मुलामा जाड दिलेला असेल तर खाचा त्यानेच निम्म्या भरलेल्या असतात. दुकानात तो नट सुंदर दिसतो, रानात ओल्या हातमोज्याने फिरत नाही.

फवारणी पंपाच्या बाबतीत याकडे दुर्लक्ष करू नका. नळी, दांडी आणि नोझल यांचे नट हाताने आवळायचे म्हणून त्यांना नर्लिंग असते. नक्षी दिसली की समजावे, इथे पाना लावायचा नाही. प्रत्यक्षात काय होते? नक्षीत औषधाचा आणि मातीचा मेण चढतो, नट हाताने आवळत नाही, मग कोणीतरी पाइप पाना काढतो. पाइप पान्याचे दाते पोलादाचे आणि एका दिशेने चावणारे. पितळी नक्षी त्याच्यापुढे एका दमात सपाट होते, नटही चेपतो, आटे बसत नाहीत आणि गळती सुरू होते. ती गळती हातावर, पाठीवर येते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती, सगळा दोष पंपावर टाकता येणार नाही. पण गळका पंप पाठीवर घेऊन औषध मारणे म्हणजे विषाशी स्वतःहून सलगी करणे आहे. काम झाल्यावर साबणाच्या पाण्याने आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने, हातमोजे घालून, नट धुऊन काढा. दोन मिनिटांचे काम.

काही पंपांची मूठ किंवा टोपी प्लॅस्टिकची असते आणि आत पितळी बुश ओतलेले असते. त्या बुशाच्या बाहेरच्या अंगाला उभ्या रेघांचे नर्लिंग असते, प्लॅस्टिक त्या रेघांत शिरून घट्ट बसते. टोपी हातात गरागरा फिरते पण आतले पितळ जागचे हलत नाही, असे झाले तर ओळखावे की ही आतली पकड सुटली. वरून डिंक, दोरा, फेव्हिकॉल लावून ती परत येत नाही. टोपी बदलावी. हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर पाहायचे तर घराच्या स्लॅबमधली सळई पाहा. तिच्या अंगावरचे तिरके उंचवटे काँक्रीटला धरून ठेवण्यासाठी असतात. म्हणून सळईवर सुटलेले गंजाचे पापुद्रे आणि चिखल काढल्याशिवाय काँक्रीट ओतू देऊ नये.

आता जाडी वाढण्याच्या गुणाबद्दल. मोटरचा किंवा मळणी यंत्राचा शाफ्ट झिजला, बेअरिंगची जागा ढिली झाली, की गावचा लेथवाला काय करतो? त्या जागेवर नर्लिंग मारून देतो. कोणी तर छिन्नीने किंवा पंचाने टिंबे मारतो. धातू वर उठतो, जाडी वाढते, बेअरिंग ठोकून घट्ट बसते. दोनशे-तीनशे रुपयांत काम झाले म्हणून आपण खूश. आता नीट विचार करा. पूर्वी बेअरिंग पूर्ण गोलाईवर टेकलेले होते. आता ते फक्त टोकांवर उभे आहे. भार आला, हादरे बसले की टोके चेपतात आणि ढिलेपणा पुन्हा येतो, बहुधा पहिल्यापेक्षा जास्त. हलक्या कामाला, हंगामाच्या मध्यात दोन दिवस निभवायला, हा उपाय चालेल. पण उसाने भरलेल्या ट्रॉलीच्या ॲक्सलला हा उपाय करू नका, असे आमचे स्पष्ट मत आहे. चाक निखळले की मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याचे काय होते ते आपल्या रस्त्यांवर सर्वांनी पाहिले आहे. तिथे जागा वेल्डिंगने भरून पुन्हा मापात कातून घ्यावी, नाहीतर ॲक्सल बदलावा. हंगाम सुरू होण्यापूर्वी ट्रॉली उचलून चाक हाताने हलवून पाहिले तर हे आधीच कळते.

हातानंतर पाय. एस.टी.च्या पायरीवर आणि आतल्या फरशीवर उंचवट्यांचा ॲल्युमिनियमचा पत्रा आपण सर्वांनी तुडवला आहे. तसाच पोलादी पत्रा चेकर प्लेट म्हणून मिळतो. त्यासाठी आय. एस. ३५०२ हे भारतीय मानक आहे. घेताना ध्यानात ठेवायचे ते असे की प्लेटची जाडी सांगतात ती खालच्या सपाट पत्र्याची, उंचवटे सोडून. उंचवट्यासकट माप घेऊन कोणी जाडी सांगत असेल तर आपण पातळ पत्रा घेत आहोत.

अंबरनाथ-बदलापूरकडे चार महिने कोकणातला पाऊस. तिथल्या शेडच्या जिन्यांवर दोन प्रकार आम्हाला दिसले. आत, जिथे नुसते तेल-पाणी सांडते तिथे चेकर प्लेट. बाहेर, जिथे चिखलाचे बूट येतात तिथे पट्ट्यांची उघडी जाळी, वरच्या कडेला दाते असलेली. आम्ही विचारले, हा फरक का? तिथला फोरमन म्हणाला, "साहेब, प्लेटमधला चिखल झाडायला माणूस लागतो. जाळीतला आपसूक खाली पडतो." आपल्या काळ्या मातीला हे तंतोतंत लागू आहे. चेकर प्लेटचे उंचवटे बुटके. तळाचा चिकट गाळ त्यांच्यात एकदा बसला की पायाखाली नक्षी राहतच नाही. त्यावर दरवर्षी ऑइलपेंटचे हात चढवले की उरलेसुरले उंचवटेही बुजतात. ट्रॉलीच्या पायरीला गुळगुळीत गोल गज लावलेला असेल तर तो काढून दातेरी पट्टीची किंवा जाळीची पायरी बसवावी. ओल्या उसावर चढणारा तोडणी कामगार बहुधा चपलेने किंवा अनवाणी असतो, आणि त्याच्या डोक्यावर मोळी असते.

ट्रॅक्टरच्या क्लच आणि ब्रेकच्या पेडलवर रेघा असतात, त्या पाच-सात वर्षांत घासून आरशासारख्या होतात. वर्कशॉपमध्ये पेडलवर वेल्डिंगच्या तीन-चार आडव्या रेघा मारून घ्या. शक्य असेल तर पेडल काढून न्यावे. ट्रॅक्टरवरच वेल्डिंग करायचे असेल तर आधी बॅटरीच्या केबल सोडवाव्यात.

सगळीकडे खरबरीत चांगले, असेही नाही. एका सभासदाने हौसेने कोयत्याला नर्लिंग केलेली लोखंडी मूठ बसवून घेतली. अर्ध्या दिवसात कामगाराचे तळहात सोलले. नर्लिंग थोडा वेळ धरायच्या, घट्ट फिरवायच्या वस्तूंसाठी असते. दिवसभर घाव घालायच्या हत्याराला शेवटाकडे जरा फुगीर असलेली लाकडी मूठच बरी. कडबाकुट्टीबद्दल तर वेगळेच सांगायला हवे. तिचे दातेरी रोलर वैरण ओढून घेतात, ते ओल्या साडीचा पदर आणि बोटेही त्याच ताकदीने ओढून घेतात. दात्यांत वैरण अडकली तर यंत्र बंद करून, चाक थांबल्यावरच हात घालावा. रसवंतीच्या चरकालाही हेच लागू.

आता आपल्या कारखान्याकडे येऊ. गव्हाणीतून निघालेला ऊस कटर आणि फायबरायझरमधून बारीक होऊन मिलमध्ये येतो. प्रत्येक मिलमध्ये मुख्य तीन रोलर, अवजड पोलादी शाफ्टवर बिडाचे कवच चढवलेले. या कवचाचे बीड मुद्दाम जाड कणांचे निवडतात, कारण झिजतानाही ते थोडे खरबरीत राहते. कवचावर गोलाकार व्ही आकाराचे दाते कातलेले असतात. रोलरने नुसते दाबून भागत नाही. आधी उसाच्या भुशाला पकडून आत ओढले पाहिजे. पकड कमी पडली की रोलर जागच्या जागी फिरतो, ऊस सरकत नाही आणि मिल तुंबते.

भुशाच्या घर्षणाने आणि उसाच्या आंबट रसाने दात्यांना गुळगुळीतपणा येतो. म्हणून हंगाम चालू असताना, रोलर फिरत असतानाच, वेल्डर दात्यांवर धातूचे कण शिंपडल्यासारखे वेल्डिंग करतो. याला आर्किंग म्हणतात. कारखाना पाहायला आलेल्या सभासदांना ठिणग्या दिसतात आणि "मिल मोडली काय?" असे ते विचारतात. मोडलेली नाही, तिला पकड दिली जात आहे. पेडलवर वेल्डिंगच्या रेघा मारायला सांगितले, त्याचाच हा मोठा भाऊ.

पण टोके झाली, खाचांचे काय? दाबलेल्या उसातून रस इतक्या जोरात सुटतो की त्याला लगेच वाट मिळाली नाही तर तोच रोलर आणि भुसा यांच्यामध्ये वंगणासारखा बसतो. त्यासाठी रोलरच्या दात्यांच्या मुळाशी ठराविक अंतरावर अरुंद, खोल चऱ्या कातलेल्या असतात. त्यांतून रस खाली वाहतो. या चऱ्या भुशाने बुजू नयेत म्हणून त्यांत शिरणाऱ्या स्थिर पट्ट्या, म्हणजे स्क्रेपर, बसवलेल्या असतात. चऱ्या बुजल्या तर रस परत भुशात शोषला जातो आणि बगॅसबरोबर बॉयलरमध्ये जळतो.

याची किंमत काढून पाहू. एक टन उसापासून साधारण २८० ते ३०० किलो बगॅस निघते आणि चांगल्या चाललेल्या मिलमध्ये त्यात दोन टक्क्यांच्या आसपास साखर राहते. ती दोनाची अडीच टक्के झाली तर टनामागे सुमारे दीड किलो साखर जास्त जळाली. एक लाख टन गाळपावर हे दीडशे टनांच्या घरात जाते. त्यातली सगळी पोत्यात पडली असती असे नाही, तरी उताऱ्यात ०.१ टक्क्याहून थोडा जास्त फरक पडतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी एफ.आर.पी. १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे ठरली. म्हणजे १०.२५ च्या वरच्या उताऱ्याला ०.१ टक्क्याची किंमत टनाला ३४ रुपये ६० पैसे. बगॅसमधली साखर एकट्या रोलरवर ठरत नाही, हे खरे. ऊस किती बारीक झाला, मिलवर पाणी किती दिले, दाब किती, यावरही ती ठरते. पण पकड सुटली तर बाकीचे उपाय लंगडे पडतात.

रोलरचे दाते घासणारी सगळ्यात मोठी गोष्ट मात्र मिलमध्ये तयार होत नाही. ती आपल्या रानातून येते. पाऊस पडल्यावर वाफसा नसताना तोडलेला ऊस, बुडख्याला लोंबणारी मुळ्या-मातीची ढेकळे, जेसीबीने भरलेला माल, यांतून वाळू मिलपर्यंत पोहोचते आणि दात्यांवर कानशीसारखी चालते. त्याहून वाईट लोखंड. कोयत्याचे तुटलेले पाते, ट्रॉलीची पिन, नांगराच्या फाळाचा तुकडा, साखळीची कडी. वाटेत लोहचुंबक असते, पण उसाच्या जाड थराखाली दडलेला प्रत्येक तुकडा त्याला सापडेलच असे नाही. एक तुकडा गेला की दात्यांची टोके उडतात. तिथे पुन्हा धातू भरायला मिल थांबवावी लागते आणि बाहेर नंबरात उभ्या गाड्यांतला ऊस वाळतो.

बुडखे जमिनीलगत तोडून माती झटकूनच मोळी बांधावी. तोडणीत कोयता तुटला तर पात्याचा तुकडा शोधून मुकादमाकडे जमा करावा. तो सापडला नाही तर गाडी भरण्यापूर्वी स्लिपबॉयला तसे सांगावे, म्हणजे तो गाडी नंबर गव्हाणीवरच्या माणसांना कळवील आणि त्या खेपेचा ऊस उतरवताना ते लक्ष ठेवतील. असे सांगणाऱ्या सभासदाची गाडी अडवली जात नाही आणि वजनातही काही कपात होत नाही. तुटलेल्या पात्यांसाठी गट ऑफिसमध्ये डबा ठेवलेला आहे.